माझ्या नावाचा बाप्तिस्मा

आधी माझ्या आगाऊपणाची गोष्ट सांगते, म्हणजे पुढचं कळायला सोपं जाईल.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी तेविशीत होते, कोल्हापुरात मुलींच्या एका शाळेत शिकवत होते, आणि जगात आपल्याइतकं शहाणं कुणी नाही अशी माझी खात्री होती. वडील प्राथमिक शाळेचे निवृत्त हेडमास्तर आणि आमच्या चर्चच्या पंचांपैकी एक. आजोबांच्या काळापासून आम्ही ख्रिस्ती. हे 'आजोबांच्या काळापासून' मी कुणालाही ऐकवायची, त्यानं विचारो वा न विचारो. चर्चमध्ये रविवारच्या शाळेत पोरांकडून वचनं पाठ करून घ्यायची. तिथं पट्टी वापरता येत नव्हती, पण माझी जीभ होतीच.

महिन्याच्या पहिल्या रविवारी आमच्याकडं प्रभुभोजन असायचं. पुरुष एका बाजूला, बायका दुसऱ्या बाजूला. भाकरीचे बारीक तुकडे केलेलं ताट बाकाबाकावरून फिरायचं, मागोमाग द्राक्षरसाचे चिमुकले पेले. ज्यांचा बाप्तिस्मा झालाय त्यांनी घ्यायचं, बाकीच्यांनी गप बसायचं. बायकांच्या बाजूला ताट फिरवायचं काम माझ्याकडं होतं. पंचांची मुलगी, शिकलेली, चुणचुणीत. पांढरी साडी नेसून मी ते ताट असं धरायची की जणू मीच भाकरी भाजलीय.

शेवटच्या बाकावर एक मावशी बसायची. कागलच्या बाजूच्या खेड्यातली, शेतकऱ्याच्या घरची विधवा बाई. मिशनच्या दवाखान्यात बाळंतिणींच्या वॉर्डात पंचवीस-तीस वर्षं आया होती. अर्ध्या कोल्हापूरला तिनं पहिली आंघोळ घातली असेल. मलाही तिनंच न्हाऊ घातलं होतं, असं आई म्हणायची. ती दर रविवारी यायची, डोक्यावर पदर घेऊन, चपला दाराबाहेर काढून. गाणी तिला येत नव्हती, ओठ हलवायची. बाप्तिस्मा मात्र घेतला नव्हता. गावाकडं दीर होते, मुलाचं लग्न व्हायचं होतं. 'पाणी घेतलं' असं कळलं असतं तर तिला उंबऱ्याच्या आत घेतलं नसतं कुणी.

त्या रविवारी मी ताट घेऊन तिच्या बाकापाशी गेले आणि तिनं हात पुढं केला.

मी ताट मागं घेतलं. "मावशी, तुमचा बाप्तिस्मा झालेला नाही. हे तुमच्यासाठी नाही." हळू म्हणाले. हळू म्हणजे माझ्या मानानं हळू. पुढच्या दोन बाकांवरच्या बायका वळून बघायला लागल्या. मावशीनं माझ्या तोंडाकडं बघितलं. जरा जास्तच वेळ बघितलं, पण हे आत्ता कळतंय. मग तिनं हात पदराखाली घेतला आणि म्हणाली, "चुकलं बाई."

मला काय वाटलं म्हणाल? काहीही नाही! उलट अभिमान वाटला. दुपारी घरी रविवारचं मटण होतं. भाकरी मोडता मोडता मी सगळं रंगवून सांगितलं. बाबा म्हणाले, "बरोबर केलंस. नियम तो नियम." आई ताटावरून उठली. अर्धी भाकरी तशीच होती. "पित्त झालंय," म्हणाली आणि आत गेली. आईला पित्त व्हायचंच, मी दुसऱ्यांदा रस्सा वाढून घेतला.

पुढच्या तीन आठवड्यांत माझं लग्न ठरलं. मुलगा मिरजेचा, शिक्षक, त्यांच्या चर्चमध्ये लग्न लागणार होतं. तिकडच्या पाळकसाहेबांनी माझा बाप्तिस्म्याचा दाखला मागवला. आमचे पाळकसाहेब त्या दिवसांत कामानं बेजार होते. ते म्हणाले, "तुझं अक्षर माझ्यापेक्षा बरं आहे. रजिस्टर बघून तूच दाखला लिही, मी खाली सही करतो."

शुक्रवारी शाळा सुटल्यावर मी चर्चमागच्या त्यांच्या खोलीत गेले. त्यांनी कपाट उघडून जुनं रजिस्टर काढून दिलं आणि ते कुणा आजाऱ्याला भेटायला बाहेर पडले. मी पानं उलटत बसले. सापडलं. माझं नाव, बाबांचं नाव, आईचं नाव, बाबा तेव्हा नोकरीला होते ते गाव, सगळं बरोबर. मी कोऱ्या कागदावर झोकात लिहायला लागले. नाव लिहिलं, आईबाबांची नावं लिहिली, आणि तारखेपाशी पेन थांबलं.

ती तारीख माझ्या जन्माच्या दोन वर्षं आधीची होती.

आधी मला हसूच आलं. लिहिणाऱ्यानं काय दिवे लावलेत बघा, म्हटलं. पण शेजारच्या रकान्यात जन्मतारीख होती, तीही माझी नव्हती, तीही दोन वर्षं आधीचीच. वरच्या-खालच्या नोंदी बघितल्या. त्या ओळीनं बरोबर लागल्या होत्या. मग मी माझ्या जन्मानंतरचं वर्ष काढलं. त्याच्या पुढचं काढलं. बोट ठेवून एकेक नाव वाचत पाच वर्षं खाली आले. पोरंच पोरं, ओळखीची, माझ्याबरोबर खेळलेली, सगळी होती. मी नव्हते. कुठंच नव्हते.

पायाखालची वाळू सरकणं मी शाळेत पोरींना वाक्यात उपयोग करायला सांगायची. त्या दिवशी ते काय असतं ते कळलं. मी दोन्ही हातांनी टेबल धरून बसले होते.

पाळकसाहेब परत आले. "झाला का दाखला?" मी कागद चुरगाळून मुठीत धरला होता. "साहेब, शाई सांडली. नंतर लिहिते," म्हणाले. पाळकासमोर, चर्चच्या खोलीत, धडधडीत खोटं! आयुष्यात इतक्या सहज मी कधी खोटं बोलले नव्हते.

राजारामपुरीतल्या घरापर्यंत चालत गेले. दोन बस शेजारून गेल्या, चढायचं सुचलं नाही. घरी आई पुढच्या खोलीत मेथी निवडत बसली होती. मी चप्पल पायातच ठेवून विचारलं, "आई, माझ्या आधी तुला मुलगी झाली होती?"

झाली नव्हती, वेडी आहेस का, असं काहीतरी ती म्हणेल याची मी वाट बघत होते. तिचा हात मेथीत थांबला. तिनं एवढंच विचारलं, "कुणी सांगितलं?"

अगं बाई! मी तिथंच जमिनीवर बसले.

मग आईनं सांगितलं. माझ्याकडं न बघता, पान पान खुडत सांगितलं. पहिली मुलगी मिशनच्या दवाखान्यात झाली. दीड महिन्याची असताना, ऐन थंडीत, चर्चमध्ये तिचा बाप्तिस्मा झाला. पाळकांनी डोक्यावर तीन वेळा पाणी घातलं. पाणी गार होतं. दुसऱ्या दिवशी ते तिला घेऊन बाबांच्या नोकरीच्या गावी गेले. तिला कफ झाला, आणि आठव्या दिवशी ती गेली. गावात आपल्या लोकांची दफनभूमी नव्हती. बाबांनी ओढ्याकाठी पुरलं.

"पाण्यानंच गेली," आई म्हणाली. "मला माहीत आहे असं म्हणू नये. तुझ्या बाबांनी मला शंभरदा समजावलं. पण मी डोळ्यांनी बघितलंय. पाणी घातलं आणि आठ दिवसांत गेली. मग तू झालीस. तुला मी नाही दिली त्यांच्या हातात. नाहीच दिली."

"म्हणजे माझा बाप्तिस्मा..."

"नाही झाला."

बाबा संध्याकाळी आले तोवर मी रडून, भांडून, पुन्हा रडून मोकळी झाले होते. त्यांच्यापुढं मी उभीच राहिले. म्हटलं, "पंच ना तुम्ही? मग हे काय?" बाबांनी टोपी काढून खुंटीला लावली. त्यांचा आवाज हेडमास्तरांचा होता तो कुठं गेला कोण जाणे. ते म्हणाले, "तू झालीस तेव्हा आम्ही समजलो, देवानं तीच परत दिली. म्हणून तेच नाव ठेवलं. आई पाण्याला तयार होत नव्हती. आज होईल, उद्या होईल म्हणून मी थांबलो. चार वर्षांनी बदली होऊन कोल्हापुरात आलो, तोवर जुने पाळक गेले होते. नव्यांनी विचारलं, हिचा बाप्तिस्मा झालाय ना? मी म्हटलं, रजिस्टरात नाव आहे."

"खोटं बोललात!"

"खोटं नव्हतं ते. रजिस्टरात नाव होतं."

आयुष्यभर पोरांना खरं बोला म्हणून उठाबशा काढायला लावणारा माझा बाप. आणि त्याला खरंच वाटत होतं की हे खोटं नव्हतं!

"आता काय करायचं?" मी विचारलं.

"काही नाही करायचं. दाखला लिहून टाक. रजिस्टरातलंच लिहायचंय, पदरचं काही घालायचं नाही. तारखा कोण तपासतंय? झाकली मूठ सव्वा लाखाची. उगाच हात दाखवून अवलक्षण कशाला? लग्न तोंडावर आलंय."

त्यांचं चुकत होतं असंही नाही. मी लिहिलं असतं तर आजवर कुणाला कळलं नसतं. शनिवार अख्खा मी कोरा कागद पुढ्यात घेऊन बसले. पण मला लग्नाची फिकीर नव्हती, खरं सांगते. मला एकच कळेना, की देवापुढं मी कोण? अकराव्या वर्षी टायफॉइड झाला तेव्हा केलेली प्रार्थना, परीक्षेच्या आदल्या दिवशी केलेली प्रार्थना, पंधराव्या वर्षी साऱ्या मंडळीसमोर उभं राहून विश्वास कबूल केला तो, आठ वर्षं खाल्लेली ती भाकरी, हे सगळं कुणाच्या खात्यावर होतं? ओढ्याकाठी झोपलेल्या त्या दीड महिन्याच्या पोरीच्या? तिच्या तिकिटावर मी इतकी वर्षं एसटीत ऐटीत बसून आले होते, आणि वर कंडक्टरकी करत होते. लोका सांगे ब्रह्मज्ञान! कंडक्टरकी म्हटल्याबरोबर मला शेवटचा बाक आठवला, आणि पदराखाली गेलेला तो हात.

दुसऱ्या दिवशी महिन्याचा पहिला रविवार होता.

मी साधी साडी नेसले. चर्चमध्ये नेहमीच्या जागी न बसता थेट शेवटच्या बाकाकडं गेले. मावशीनं सरकून जागा दिली. "का गं बाई? हितं कशी? म्होरं जा की." कोल्हापूरच्या बायका बोलतात तशी पुरुषी बोलायची ती. "मी सरकतो, पर तुजी जागा तिकडं हाय."

मी तिथंच बसले. नुसती मान हलवली.

ताट फिरवायची वेळ झाली. बाबांनी पुरुषांच्या बाजूनं वळून मला शोधलं. मी उठले नाही. दुसऱ्या एका बाईनं ताट उचललं. बाकामागून बाक करत ती आमच्यापाशी आली आणि माझ्यापुढं धरून उभी राहिली. तुकडे समोर होते. भूक लागावी तशी मला ती भाकरी हवीशी वाटली. आठ वर्षांत कधी वाटली नव्हती. मी हात मांडीवर घट्ट धरून ठेवले. ती बाई डोळे मोठे करून बघायला लागली. मी म्हटलं, "पुढं न्या." पुढं तर भिंतच होती. ती गोंधळून परत फिरली. अख्ख्या बाजूला कुजबुज. पंचांच्या मुलीनं प्रभुभोजन नाकारलं म्हणजे काहीतरी भयंकर पाप केलं असणार, त्यातून लग्न तोंडावर. माझ्या कानांवर येत होतं सगळं.

उपासना संपल्यावर मी पाळकसाहेबांच्या खोलीत जाऊन रजिस्टर उघडून दाखवलं. ते चष्मा काढून कितीतरी वेळ त्या ओळीकडं बघत राहिले. मग म्हणाले, "मुली, घाबरू नकोस. देव तुला आधीपासून ओळखतो. पाणी ही खूण आहे."

"खूण नाही म्हणून मी मावशीच्या हातापुढनं भाकरी काढून घेतली, साहेब," मी म्हटलं. "तेव्हा तुम्ही समोर होता. तेव्हा नाही म्हणालं कुणी, की देव हिला ओळखतो."

मी असं बोलायला नको होतं, पण तोंडाला लगाम नव्हता. पाळकसाहेबांनी रागावायला हवं होतं. ते रागावले नाहीत. त्यांनी रजिस्टर मिटलं. म्हणाले, "इथंच खोलीत बाप्तिस्मा देतो. दोन साक्षीदार पुरे. बाहेर कुणाला कळायचं कारण नाही."

मी म्हटलं, "मावशीला मी सगळ्यांसमोर बोलले होते."

पुढच्या रविवारी मी मंडळीपुढं उभी राहिले. रविवारच्या शाळेतली माझी पोरं पहिल्या बाकावर. आपल्या बाईंना काय प्रश्न विचारतायत म्हणून आ वासून बघत होती. बाबा दोन दिवस माझ्याशी बोलले नव्हते, पण आले होते. मान खाली घालून बसले होते. पाळकसाहेबांनी भांड्यात हात बुडवून माझ्या डोक्यावर पाणी घातलं. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा घातलं आणि कपाळावरून ते गळ्यात उतरलं. गार होतं.

मागं बाक वाजला. आई उठली होती. मधल्या वाटेनं ती भराभर चालत आली, हातात घरचा टॉवेल. पाळकसाहेबांची प्रार्थना सुरू व्हायची होती, तिला त्याचं काही नव्हतं. तिनं माझं डोकं धरलं आणि खसाखसा पुसायला लागली. केस, कपाळ, कानामागं, मान. दीड महिन्याच्या पोराला पुसावं तसं. टॉवेल माझ्या डोळ्यांत जात होता. तोंडानं पुटपुटत होती, "झालं, झालं, झालं." तिचं पुसून होईपर्यंत पाळकसाहेब थांबले, मग त्यांनी प्रार्थना केली.

त्यानंतर रोज सकाळी आई माझ्या कपाळाला हात लावून बघायची. मी झोपल्याचं सोंग घेऊन पडून राहायची. नवव्या दिवशी तिनं हात लावला नाही. स्वयंपाकघरातून ओरडली, "उठ की गं, किती लोळशील!" तेव्हा मी तोंडावर पांघरूण घेऊन रडले.

त्याच दिवशी शाळा सुटल्यावर दवाखान्यात गेले. मावशीची माफी मागायची राहिली होती. रोज ठरवायची आणि रोज पाय मागं यायचा.

ती वॉर्डामागच्या मोरीत होती. पाटावर बसून पाय लांब सोडलेले, नडग्यांवर एक दोन दिवसांचं बाळ पालथं. तांब्यानं कोमट पाणी घालत होती. मला बघून म्हणाली, "ये की. हितंच बोल, पोरगं सोडून उठता येत न्हाय."

मी भिंतीला टेकून उभी राहिले. "मावशी, त्या रविवारी मी तुमच्यापुढनं ताट मागं घेतलं. आणि माझाच बाप्तिस्मा झालेला नव्हता."

"ठावं हाय की."

"हां, परवा चर्चमध्ये बघितलंत तुम्ही..."

"परवाचं न्हवं गं. आधीपास्नं ठावं हुतं." तिनं बाळ उताणं केलं, त्याच्या मानेखाली हात घातला. "तुझ्या आईचं बाळंतपण मीच केलं की. तुला घरला न्हेताना ती माजा हात धरून रडली. म्हनली, ही पोर मी पान्याला देनार न्हाय, कुनाला बोलू नगंस. मग मी कशाला बोलतो?"

मला ते समजायला वेळ लागला. मग एकदम समजलं. तिनं हात पुढं केला होता. मी ताट मागं घेतलं होतं. तिनं माझ्या तोंडाकडं बघितलं होतं, आणि तेव्हा तिला माहीत होतं.

"मावशी! चारचौघींत मी तुम्हाला हाकललं. एक शब्द बोलला असता तर माझं तोंड जागच्या जागी बंद झालं असतं. का नाही बोललात?"

तिनं बाळाच्या कपाळावर तळहात आडवा धरला, डोळ्यांत पाणी जाऊ नये म्हणून, आणि उरलेला तांब्या हळूहळू रिकामा केला.

"भाकरीचं ताट हुतं की गं मदी," ती म्हणाली. "तितं कोन भांडतंय व्हय?"

मग बाळ उचलून तिनं माझ्या हातात दिलं. "धर. अशी उभी काय ऱ्हायलीस? फडकं आणतो."

ते ओलं पोर छातीशी धरून मी मोरीच्या दारात उभी राहिले. माझी साडी पुढनं सगळी भिजली.